सासूबाईंच्या गुडघ्यासाठी हळद कुठली द्यायची? कॅप्सूल, गोळी, हरिद्राखंड की दुधातली?

विश्रामबागवाली:

नमस्कार मंडळी, लांबलंय त्याबद्दल आधीच सॉरी. सासूबाई 64 च्या आहेत, उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय, एक्सरेत झीज दिसली, डॉक्टर म्हणले ऑपरेशनची वेळ अजून आली नाही, वजन उतरवा आणि व्यायाम करा. आईंचं म्हणणं आयुष्यभर घरातच एवढी चालले, आता वेगळा व्यायाम कसला. पण परवा हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो तर घाटाच्या पायऱ्या बघून वरच बसून राहिल्या, खाली नदीपर्यंत आल्याच नाहीत, तेव्हापासून त्यांनीच मनावर घेतलंय की काहीतरी करायचं. आणि त्यांनी हे फोनवर ज्याला त्याला सांगितलं, तिथून सगळा घोळ सुरू झाला.

सध्या आमच्या डायनिंग टेबलावर हळदीचं प्रदर्शन भरलंय. दीर पुण्याला असतात, त्यांनी ऑनलाइन मागवून कॅप्सूलची बाटली पाठवली, 60 कॅप्सूल, चौदाशे रुपये, सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या म्हणले. शेजारच्या काकूंनी हळदीच्या गोळ्या आणून दिल्या, त्यापण 60 च, 360 रुपये, त्यांच्या बहिणीला म्हणे फरक पडला. मिरजेच्या आत्या आल्या त्या हरिद्राखंडाची (हळद-साखर घालून केलेलं आयुर्वेदिक औषध) बरणी घेऊन, आणि जाताना बजावून गेल्या की हे बाकीचं सगळं थोतांड आहे, रात्री हळद घालून दूध द्या बास. शिवाय गल्लीतल्या मेडिकलवाल्याने हळदीचे कसलेतरी नॅनो ड्रॉप्स दाखवले ते मी घेतले नाहीत.

आता माझा प्रश्न असा की गोळीवर पण 500 मिग्रॅ लिहिलंय आणि कॅप्सूलवर पण 500 मिग्रॅ, मग एक चौदाशेला आणि एक 360 ला का? मी तर म्हणते स्वस्तातलं द्यावं, दीर म्हणतात क्वालिटीत फरक असतो, नवरा म्हणतो मला यात घेऊ नका. आणि आपण सांगलीत राहतो हो, सगळ्या देशाला हळद पुरवणारं गाव, आणि आम्ही हळद पुण्याहून कुरिअरने मागवतोय 😅 कुणी वापरलंय का, काय द्यावं?

पेठेतला_पोरगा:

+1 मलापण हेच विचारायचं होतं, बाबांसाठी. थांबलोय.

हिशोबी_माणूस:

ताई, दोन्ही डबे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचा, पुढचं 500 सोडून द्या. काकूंच्या गोळ्यांवर बहुतेक "हळद चूर्ण" असं असेल आणि दिरांच्या बाटलीवर "हळद अर्क, 95% करक्युमिनॉइड" असं काहीतरी. असेल तर त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळजवळ संबंध नाही.

करक्युमिन (किंवा करक्युमिनॉइड) म्हणजे हळदीतला पिवळा, औषधी मानलेला घटक. साध्या हळदीत तो असतो साधारण 3 टक्के, जातीप्रमाणे थोडं कमीजास्त. म्हणजे 500 मिग्रॅ चूर्णाच्या गोळीत 15 मिग्रॅ. आणि 95 टक्के अर्काच्या 500 मिग्रॅ मधे 475. आकडा तोच छापलाय पण आतला माल तिसेक पट.

आता काकूंच्या गोळ्यांचा हिशोब बघा. 60 गुणिले अर्धा ग्रॅम म्हणजे अख्ख्या डबीत 30 ग्रॅम हळद. 360 रुपयाला. किलोला किती पडली? बारा हजार रुपये! मी काल गणपती पेठेतून दळलेली हळद अडीचशेने आणली. सपाट एक चमचा हळद तीनेक ग्रॅम भरते, म्हणजे आमटीत तुम्ही चमचाभर हळद टाकलीत तर काकूंच्या सहा गोळ्या पडल्या तिच्यात. गोळीने नुकसान काही नाही, पण औषध दिल्याचं समाधान सोडून त्यात घेण्यासारखंही काही नाही.

डिग्रजकर:

बारा हजार किलो?? आवो बारा हजारात एकेकाळी आम्ही अख्खं क्विंटल घातलंय यार्डात 😂 ह्या गोळीवाल्याचा पत्ता द्या कुणीतरी, आपला माल तिकडंच घालतो इथनं पुढं.

विश्रामबागवाली:

@हिशोबी_माणूस अगदी तसंच निघालं!! गोळ्यांवर "हळद कंद चूर्ण 500 मिग्रॅ". कॅप्सूलवर "हळद अर्क 500 मिग्रॅ, 95% करक्युमिनॉइड" आणि खाली "काळी मिरी अर्क 5 मिग्रॅ". मग दिरांचीच बरोबर म्हणायची का? चौदाशे वसूल? आणि यात मिरी कशाला घातलीय?

हिशोबी_माणूस:

मिरी यासाठी की नुसतं करक्युमिन पोटातून रक्तात जातच नाही फारसं. जे थोडं जातं ते लिव्हर लगेच बाहेरचा रस्ता दाखवतं. 1998 मधे बंगळूरच्या मेडिकल कॉलेजातल्या लोकांनी प्रयोग केला, माणसांना 2 ग्रॅम करक्युमिन दिलं आणि सोबत 20 मिग्रॅ पाइपरीन म्हणजे मिरीतला तिखट घटक, तर रक्तातलं प्रमाण वीस पट दिसलं. तेव्हापासून जो तो मिरी घालतो. "2000 टक्के जास्त शोषण" असं बाटलीवर लिहिलेलं असेल बघा, ते तिथून आलंय. पण मूळचंच इतकं कमी असतं की वीस पट होऊनही फार नाही होत, हे मात्र बाटलीवर कुणी लिहीत नाही. तुपात किंवा साईच्या दुधात दिली तर थोडा फायदा होतो कारण करक्युमिन तेला-तुपात विरघळतं, पाण्यात नाही. आत्याबाईंच्या दुधात तेवढं तथ्य आहे.

गुडघ्यासाठी उपयोग होतो का, तर अर्काचा होतो असं दिसतं. थायलंडमधे 2014 साली 367 गुडघेदुखीच्या पेशंटवर ट्रायल झाली, निम्म्यांना रोज 1500 मिग्रॅ हळदीचा अर्क, निम्म्यांना 1200 मिग्रॅ आयब्युप्रोफेन म्हणजे नेहमीची वेदनाशामक गोळी, चार आठवडे. वेदना कमी व्हायला दोन्ही साधारण सारखेच ठरले आणि पोटाचा त्रास अर्कवाल्यांना कमी झाला. चारच आठवडे बरं का, झीज भरून आली वगैरे काही नाही, दुखणं कमी झालं.

आता तेवढं करक्युमिन साध्या हळदीतून घ्यायचं म्हणलं तर रोज पन्नासेक ग्रॅम हळद खावी लागेल. म्हणजे आमटीतली हळद ही आमटीतली हळद आहे आणि कॅप्सूल हे औषध आहे, नाव एक असलं तरी.

साताऱ्याची_सुगरण:

मी घेतलीय ताई ही 95 टक्केवाली कॅप्सूल, गेल्या वर्षी, टाच दुखत होती म्हणून. फरक पडला की नाही खरंच सांगता येणार नाही कारण त्याच वेळी मी चपलापण बदलल्या. पण उपाशीपोटी घेतली आणि दोन दिवस छातीत अशी आग की विचारू नका, मग जेवणानंतर घ्यायला लागले तर कमी झाली. एकदा कॅप्सूल हातात उघडली गेली, ओट्यावर सांडली, तो डाग अजून आहे, लिंबू झालं सोडा झाला, ओटा पिवळा तो पिवळाच. आमच्या ह्यांचं म्हणणं तुझ्या पोटातपण असाच रंग बसला असणार 😄 हळदीच्या गमी सुद्धा मिळतात हल्ली, भाचीने आणल्या होत्या, निव्वळ साखर आहे ती, त्या वाट्याला जाऊ नका.

औषधवाला_मिरज:

थांबा थांबा. सगळे मिग्रॅ मोजताय पण मूळ गोष्ट कुणीच विचारली नाही. ताई, सासूबाईंना दुसरी कुठली औषधं चालू आहेत? बीपी, शुगर, हार्ट, रक्त पातळ करायची गोळी? पित्ताशयात खडे आहेत का? कावीळ झाली होती का कधी? ते सांगा आधी, कॅप्सूल सुरू केली असेल तर ते पण सांगा.

विश्रामबागवाली:

अरे हो, लिहायचं राहिलंच. शुगर आहे, सात-आठ वर्षं, गोळ्या चालू आहेत. आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, एक स्टेंट आहे. त्यामुळे क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन रोजची. खडे वगैरे नाहीत. कॅप्सूल परवापासून चालू केलीय, आज चौथी घेतली सकाळी. काही चुकलं का? हळदच आहे ना, म्हणून विचारलं नाही कुणाला.

औषधवाला_मिरज:

घाबरू नका, चार कॅप्सूलनी काही होत नाही. पण संध्याकाळची देऊ नका आणि आईंच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. मी काउंटरवर 22 वर्षं बसलोय आणि "हळदच आहे ना" हे वाक्य रोज ऐकतो.

करक्युमिन स्वतः थोडंफार रक्त पातळ करायच्या बाजूचं आहे. आईंना त्यासाठीच दोन गोळ्या ऑलरेडी चालू आहेत, त्यात हे तिसरं. हिरड्यातून रक्त येणं, जरा कुठं आपटलं की काळंनिळं होणं, संडास काळी होणं, असं काही दिसलं तर लगेच दाखवा. शुगरही थोडी खाली ओढू शकतं, त्यामुळे घरात मशीन असेल तर आज-उद्या चेक करा. आणि ती मिरी आहे ना, ती फक्त हळदीला आत ढकलत नाही, इतरही काही औषधं लिव्हरमधे जिथे मोडतात तिथे आडवी येते आणि त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवते. फिटच्या फेनिटॉइनचं, बीपीच्या प्रोप्रॅनोलॉलचं असं झालेलं दिसलंय. तुम्ही 5 मिग्रॅ बघून म्हणाल एवढीशी तर आहे, पण तिचं कामच ते आहे.

दुसरं लिव्हर. इटलीत 2019 च्या आसपास हळदीची सप्लिमेंट घेणाऱ्यांमधे लिव्हरला सूज आल्याच्या केसेस निघाल्या आणि तिथल्या सरकारने डब्यांवर इशारा छापायला लावला. अमेरिकेतही 2022 मधे डॉक्टरांनी अशा 10 पेशंटचा रिपोर्ट छापला, त्यातला एक दगावला, आणि तपासलेल्या काही डब्यांत मिरीही सापडली. लाखो लोक घेतात त्यात हे मूठभर आहेत हे मान्य, पण आमटी खाऊन कुणाला असं झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. झालं ते शोषण वाढवलेल्या जोरदार मालाने. नॅनो ड्रॉप्सची जाहिरात नेमकी ह्याच गोष्टीची असते, तुम्ही घेतले नाहीत ते बरंच केलंत.

आणि हरिद्राखंड शुगरवाल्या बाईला देऊ नका, त्यात साखरच साखर असते. ते मुळात अंगावर पित्त उठतं, खाज येते त्यासाठीचं औषध आहे, गुडघ्याचं नाहीच. आत्यांना सांगू नका मी असं म्हणलो, मिरजेतच राहतो मी.

विश्रामबागवाली:

बाप रे. संध्याकाळची बंद केली. शुगर आत्ता चेक केली 118 आहे, ठीक वाटतेय. उद्या हॉस्पिटलला फोन करते. दिरांना काय सांगू आता, त्यांनी सहा महिन्यांचं एकदम मागवलंय, बाकीच्या पाच बाटल्या वाटेत आहेत.

जुना_वाचक:

विषय गंभीर आहे पण राहवत नाही म्हणून. 1995 मधे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं, आठवतंय का? आपल्या सीएसआयआरने (सरकारी संशोधन संस्था), माशेलकर सर तिचे प्रमुख असताना, भांडून 1997 मधे ते रद्द करून घेतलं, जुने ग्रंथ, जुने छापील लेख असले पुरावे देऊन. हळद आमची म्हणून तेव्हा तिकडे भांडलो आणि आता तीच हळद कॅप्सूलमधे भरून चौदाशेला घेतोय.

डिग्रजकर:

आता मी जरा शिरियस लिहितो, परत चेष्टा केली म्हणून ओरडू नका. औषधाचं मला कळत न्हाई, ते मिरजकर दादांनी सांगितलं ते बराबर. पण घरात खायची हळद तरी धड घ्या की. ताई तुम्ही सांगलीत राहून पाकिटातली हळद आणताय का?

आत्ता फेब्रुवारी, आमची काढणी चालू हाय. ओली हळद काढली की शिजवायची, पूर्वी काहिलीत शिजवायचो, आता बॉयलर येतो दारात, मग पंधरा दिस उन्हात, मग ड्रममधी पॉलिश. पाच किलो ओली शिजवून वाळवली की किलोभर वाळकी हाताला लागती. तवा ओली किसून खाणाऱ्यांनी हे ध्यानात धरा, त्यात चार भाग पाणीच हाय. लोणचं मात्र ओल्याचंच, लिंबू पिळून, आले घालून, दुसरं त्यापुढं काय न्हाई.

खरा घोळ पॉलिशला होतो. चांगला माल असला तरी गिऱ्हाइकाला पिवळाजर्द पाहिजे, मग काही लोक रंग मारतात, त्यात शिशाचा रंग पण असतो, लेड क्रोमेट का काय म्हणतात ते. लेकरांच्या डोक्यावर परिणाम करतं ते. म्हणून अख्खं हळकुंड घ्यायचं, कटकन मोडायचं, आतनं गर्द नारिंगी दिसलं पाहिजे आणि वरचा रंग हाताला लागला न्हाई पाहिजे. मग डंकावर स्वतः हुबं राहून कुटून आणायचं. दळलेली तपासायची तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका आणि हात लावू नका, चांगली असली तर खाली बसती आणि वर पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मारलेली असली तर पाणी गर्द पिवळंच राहतं.

आणि हळदीची जात राजापुरी का सेलम हे इचारू नका, दोन्ही चालतंय. आमच्याकडं आता सेलमच जास्त हाय. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तवापासनं जो तो पाकिटावर सांगली लिहितो, मग ती कुठली का असंना. हरिपूरला गेलाच हुता तर पेवं बघितली का? जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद ठेवायची, वर्षानुवर्षं कीड लागायची न्हाई. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आन लई पेवं गेली. माझ्या आज्ज्याचं भाड्यानं घेतलेलं पेव त्यातच गेलं, हळद कुजल्याचा वास महिनाभर हुता, आज्जा त्यानंतर हरिपूरला गेलाच न्हाई.

फिजिओ_कुपवाड:

हळदीवरून गाडी गुडघ्यावर आणते. काकूंना "चाललो की आयुष्यभर" असं वाटतं ते सगळ्यांनाच वाटतं, पण झिजलेल्या गुडघ्याला आधार मांडीचा स्नायू देतो आणि तो घरातल्या चालण्याने बळकट होत नाही. पलंगावर पाय सरळ करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबून टॉवेल चेपायचा, पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरं म्हणजे खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, धरायचा, हळू खाली. सुरुवातीला दुखतं, पण दुसऱ्या दिवशी सूज येत नसेल तर चालू ठेवायचं. सहा-आठ आठवडे द्या. टीव्ही बघताना करून घ्या, मालिकेच्या प्रत्येक जाहिरातीला एक सेट, माझ्या निम्म्या पेशंट अशाच करतात. आणि पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे उलटं केलं की गुडघा बोंबलतोच. संगमेश्वराच्या घाटावर हे करून बघा.

पेठेतला_पोरगा:

@औषधवाला_मिरज बाबांना कसलीच औषधं नाहीत, वय 58, लिव्हर वगैरे ठीक. त्यांना 95 टक्केवाली द्यायला हरकत नाही ना मग?

औषधवाला_मिरज:

कुठलंच औषध चालू नसेल, खडे नसतील, कावीळ झालेली नसेल, तर महिनाभर जेवणानंतर देऊन बघायला हरकत दिसत नाही, पण तरी एकदा डॉक्टरच्या कानावर घाला. घेताना मागे अर्क किती, टक्के किती, मिरी किती हे लिहिलेलं असलेलीच घ्या. नुसतं "हळद सत्त्व" लिहून आकडा लपवलेला असेल तर ठेवून द्या. खाद्य सप्लिमेंट असेल तर 14 आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नंबर, आयुर्वेदिक असेल तर आयुषचा लायसन्स नंबर बघा, दोन्ही नसेल तर ते काहीही असू शकतं. महिनाभरात फरक नाही पडला तर बंद, उगाच वर्षभर ओढू नका. लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, भूक मेली तर त्याच दिवशी बंद. कुठलं ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर दोन आठवडे आधीच थांबवा. आणि आधी त्यांना फिजिओ ताईंचा टॉवेल द्या, फुकट आहे.

विश्रामबागवाली:

अपडेट. हॉस्पिटलमधे फोन केला, त्यांनी बोलावूनच घेतलं. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन मागचं वाचलं आणि सरळ सांगितलं, दोन रक्ताच्या गोळ्या चालू आहेत तोवर हे नको, स्वयंपाकातली हळद नेहमीसारखी खा, दुधातून पाव चमचा घेतली तरी चालेल, साखर न घालता. मला जरा बोलणी बसली, दुसरं काही सुरू करताना विचारत जा म्हणून, ती बसायलाच हवी होती. आईंनी तिथेच विचारलं की मग सासूची सून म्हणून हिला का बोलताय, बाटली तर माझ्या मुलाने पाठवली. डॉक्टर हसले.

दिरांनी पाच बाटल्या परत पाठवल्या, एकीचे पैसे गेले. काकूंच्या गोळ्या तशाच आहेत, त्यांनी विचारलं तर चालू आहेत असंच सांगितलंय, काय करणार. हरिद्राखंड नवरा खातोय चमच्याने, त्याला गोड लागतं, शिंका कमी झाल्यात म्हणतो.

टॉवेलचा व्यायाम कालपासून चालू, आई जाहिरातीला सेट करतात आणि मालिका सुरू झाली की अर्ध्यात सोडतात.

@डिग्रजकर दादा हळकुंडं मिळतील का पाच किलो? आणि डंक कुठला बरा?

डिग्रजकर:

रविवारी या सकाळी, पॉलिश झालेली हाय, रंग न मारलेली. डंक आमच्याच गावात. पर जुनी साडी नेसून या ताई, नवी नको.

साताऱ्याची_सुगरण:

दादा मला पण दोन किलो ठेवा, आणि ओट्याच्या डागावर काही असेल तर सांगा.

डिग्रजकर:

उन्हात ठिवा, हळदीचा डाग उन्हानंच जातो. ओटा उन्हात कसा न्यायचा ते मात्र तुमचं तुम्ही बघा 😂